पडद्यावरील गती आणि आपला डोळा



चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा नव्या कामगार संहिता, साखर कामगारांचे वेतन, कंत्राटी पद्धत असे काहीतरी ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. व्हिडिओ गेममध्ये 'मोशन ब्लर' म्हणून जो प्रकार असतो, त्याने खेळण्याची गोडी वाढते की नाही, हा पन्नाशी उलटलेल्या आणि रात्रशाळेत व वाचनालयात शिकलेल्या कामगार-संघटकाचा विषय होऊ शकतो काय? आमच्या मते होऊ शकतो. त्याचे कारण लेथ आहे. पण ते ओघाने येईल.

हा प्रश्न आमच्यापुढे आणला तो दोन तरुण टर्नरांनी. दोघेही एम.आय.डी.सी.त कामाला, दोघेही हाताने तरबेज, आणि पाळी सुटली की दोघांचाही जीव मोटारशर्यतीच्या खेळात. एकाचे म्हणणे असे की ब्लर चालू असल्यावाचून गाडी पळते आहे असे वाटतच नाही. दुसरा म्हणे, ब्लर म्हणजे डोळ्यांत धूळ. आधी तो बंद करावा आणि मग खेळाला हात लावावा. भांडण युनियनच्या कचेरीत आले. "अण्णा, तुम्हीच निवाडा करा," असे म्हणून दोघेही बाकावर बसले. आम्ही आजवर पगारवाढीचे, बडतर्फीचे, बोनसचे निवाडे पाहिले. हा नवा होता. निवाडा करावयाचा तर आधी दप्तर वाचले पाहिजे, म्हणून आम्ही वाचावयास लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा ब्लर म्हणजे काय ते पाहू. नुकतीच होळी होऊन गेली. होळीतले जळते कोलीत एखाद्या पोराने गरगर फिरविले की आगीचे अखंड कडे दिसते. कडे कोठेच नसते. असतो तो एकच निखारा. डोळ्यावर उमटलेला ठसा लगेच पुसला जात नाही, म्हणून निखारा पुढे गेला तरी मागची वाट उजळलेलीच राहते. आपल्या पूर्वजांना हे इतके परिचित होते की गौडपादाचार्यांनी मांडूक्य उपनिषदावरील आपल्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणाला 'अलातशांती' असेच नाव दिले. अलात म्हणजे कोलीत. त्यांना त्यातून वेदान्त सांगावयाचा होता. आमचे काम पुष्कळ हलके आहे. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरू लागला म्हणजे पाते दिसत नाही, पांढरा फराटा दिसतो. तो फराटा म्हणजेच ब्लर.

आता चित्रपटाकडे वळू. पडद्यावर चित्र हालते असे आपण म्हणतो, पण हालत काहीच नाही. एका सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे एकामागून एक दाखविली जातात. कॅमेऱ्यात एक तबकडी फिरते. ती निम्मा वेळ उघडी आणि निम्मा वेळ झाकलेली धरली, तर प्रत्येक चित्रावर एक अठ्ठेचाळिसांश सेकंद प्रकाश पडतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने पेठ नाक्याकडे निघालेली एस.टी. तेवढ्या वेळात सुमारे पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून थोडी अधिक पुढे जाते. म्हणजे त्या एकाच चित्रावर फूटभर सरकलेली गाडी उमटते, आणि तिच्या कडा पुसट होतात. मौज अशी की हे पुसट चित्रच डोळ्याला खरे वाटते. चित्रे एकमेकांत मिसळतात आणि गाडी ठेचकाळत न जाता सरळ धावते.

या विद्येचे आमच्या भागाशी जुने नाते आहे. कोल्हापूर येथून दूर नाही. परदेशी कॅमेरा हाती नसताना बाबूराव पेंटरांनी आणि त्यांच्या मिस्त्री मंडळींनी तेथे स्वतःच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. फिल्म खेचणारा पंजा आणि प्रकाश अडविणारी तबकडी यांचा मेळ केसभर चुकला की सगळे चित्र वाया. ज्या हातांनी तो मेळ जमविला ते हात आमच्याच बिरादरीचे, म्हणून हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. सभेने क्षमा करावी. त्याआधी १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडथोड्या अवधीने एकेक चित्र घेऊन टिपली होती. त्या चित्रांत फराटा नव्हता, कारण चित्र घेताना रोप डोळ्याला दिसेल इतके हालत नव्हते. रोपाला ते चालून गेले. परंतु १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये त्या प्रचंड माकडाची बाहुली याच रीतीने एकेक चित्र घेऊन चालविली, तेव्हा तिची चाल थरथरती दिसली. प्रत्येक चित्रात बाहुली अगदी स्वच्छ, अगदी निश्चल होती. तोच तिचा दोष झाला.

संगणकाने काढलेले चित्र नेमके त्या बाहुलीसारखे असते. त्यात तबकडी नाही, उघडझाप नाही. यंत्र हिशेब करते आणि एका क्षणाचे, ज्याला लांबीच नाही अशा क्षणाचे, लखलखीत चित्र काढते. १९८४ साली लुकासफिल्म कंपनीतील संगणकवाल्यांनी बिलियर्डचे घरंगळते गोळे संगणकाकडून फराट्यासकट काढवून घेतले आणि यंत्रालाही कॅमेऱ्यासारखे चुकता येते हे दाखवून दिले. परंतु त्या चित्राला वेळेचे बंधन नव्हते. खेळात तसे नाही. साठ चित्रे एका सेकंदाला द्यावयाची तर एका चित्राला मिळतात सुमारे सतरा मिलिसेकंद. त्यात रस्ता, झाडे, गाड्या, सावल्या, सगळे आटोपावयाचे. म्हणून खेळ रचणारे एक युक्ती करतात. आधी चित्र स्वच्छ काढून घ्यावयाचे, मग त्यातला प्रत्येक ठिपका मागच्या चित्रात कोठे होता ते पाहावयाचे, आणि त्या दिशेने रंग ओढून द्यावयाचा. रंगाऱ्याने ओल्या रंगावरून कोरडा कुंचला फिरवावा तसे. यात दोन जाती आहेत. एकीत फक्त हालणाऱ्या वस्तूचा, चाकाचा किंवा तलवारीचा, फराटा निघतो. दुसरीत खेळणाऱ्याने नजर वळविली की सबंध दृश्यच ओढले जाते. भांडण बहुतेक या दुसऱ्या जातीवरून असते.

येथे आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा. दारावर मिळालेली कार्यक्रमपत्रिका डोळ्यांपुढे धरा. दृष्टी समोरच्या व्यासपीठावर खिळवून पत्रिका उजवीकडून डावीकडे न्या. अक्षरे फिसकटली ना? आता तेवढ्याच वेगाने न्या, पण दृष्टी पत्रिकेबरोबर चालू द्या. अक्षरे वाचता येतात, आणि मागचे व्यासपीठ फिसकटते. म्हणजे फराटा वस्तूला चिकटलेला नसतो. डोळा ज्याच्या मागे जातो ते स्वच्छ राहते, बाकीचे पुसट होते. घरी गेल्यावर दुसरा प्रयोग आरशापुढे करा. आपल्याच डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्या. नजर हालताना तुम्हांला कधीही दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसेल. डोळा उडी मारतो तेवढ्यापुरते मेंदू जणू दार लावून घेतो, आणि डोळा नव्या ठिकाणी टेकला की उघडतो.

या दोन प्रयोगांतच आमच्या मते अर्धा निवाडा आहे. चित्रपटात आपण खुर्चीत बसलेलो असतो आणि कोठे पाहावयाचे ते दिग्दर्शक ठरवितो. त्याने फराटा दिला तर तो त्याच्या हेतूने दिलेला असतो. खेळात मात्र नजर खेळणारा स्वतः वळवितो, आणि वळवितो ती काहीतरी शोधण्यासाठी: भिंतीआड कोण आहे, मागून कोणती गाडी येते आहे. नेमक्या त्याच क्षणी यंत्र दृश्य पुसून टाकते. आपला डोळा पडद्यावर कोठे टेकला आहे हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ज्याच्या मागे डोळा चालला आहे तेही ते पुसते, आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तेही पुसते. आमचा दुसरा टर्नर याला धूळ म्हणाला, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्यात आणखी एक भर आहे. जुन्या डबा टीव्हीत चित्र लखकन उमटून विझत असे. हल्लीचे सपाट पडदे पुढले चित्र येईपर्यंत पहिले धरून ठेवतात. डोळा तर हालणाऱ्या गाडीमागे सरकतच असतो. पडद्यावरची गाडी मात्र तेवढा वेळ जागची हालत नाही. त्यामुळे डोळ्यावर ती आपोआप फासली जाते. म्हणजे रचणाऱ्याने काहीही केले नाही तरी थोडा ब्लर पडद्याने दिलेलाच असतो. त्यावर यंत्राचा ब्लर म्हणजे एका पापडावर दुसरा पापड लाटण्यासारखे आहे.

तथापि पहिल्या टर्नरची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी निवाडा देणाऱ्या पंचावर आम्हीच आयुष्यभर टीका केली आहे. मोटारशर्यत हा ब्लरच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. गाडी हाकणारा पाहतो तो दूर, रस्ता जेथे बारीक होतो तेथे. तेथली वस्तू फारशी सरकत नाही. कडेची झाडे आणि खांब मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून भर्रकन जातात आणि खरोखरच पुसट दिसतात. म्हणजे मधला भाग स्वच्छ आणि कडा पुसट, ही मांडणी येथे डोळ्याच्या रीतीला धरून आहे. ब्लरने वेगाचा आनंद वाढत असेल तर तो येथेच वाढला पाहिजे.

हीच गोष्ट तपासली गेली आहे. डिस्ने रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'स्प्लिट सेकंड' हा बाजारात आलेला मोटारशर्यतीचा खेळ घेतला, त्यात ब्लर बसविला, आणि लोकांना ब्लरसह व ब्लरवाचून खेळावयास दिले. निष्कर्ष त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच सांगून टाकला: कृत्रिम ब्लरने शर्यतीच्या खेळात खेळणाऱ्याचा अनुभव सुधारत नाही. ब्लरमुळे खेळ अधिक रंजक झाला असे आढळले नाही. ही बहुतांशी ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे, असा त्यांचा कल दिसतो. जेथे ब्लर जिंकावयास हवा होता तेथेच त्याला बरोबरी पत्करावी लागली.

मग ब्लर टाकूनच द्यावा काय? येथे आम्ही थबकतो, आणि येथेच आमचा लेथ येतो.

आमच्या उमेदीच्या काळात एका कारखान्यात, नाव घेत नाही, तांब्याच्या चोकवाल्या ट्यूबलाइटांच्या उजेडात यंत्रे चालत. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. आता मोटार मिनिटाला दीड हजार फेरे घेते असे धरा, म्हणजे सेकंदाला पंचवीस. दोन उजेडांच्या मधल्या वेळात तिची पुली बरोबर पाव फेरा फिरते. पुलीला चार आऱ्या असतील, तर पहिल्या आरीच्या जागी दुसरी येऊन उभी राहते, आणि प्रत्येक उजेडात तेच चित्र दिसते. पुली उभी आहे असे वाटते! प्रत्यक्षात भारामुळे मोटार थोडी मागे पडते, चौदाशे चाळीसच्या आसपास फिरते. मग तीच पुली सेकंदाला एक फेरा या वेगाने सावकाश उलटी फिरताना दिसते. जुन्या पेट्रोल गाड्यांचे टायमिंग लावताना मेकॅनिक जो लखलखता दिवा धरीत, त्याची करामत हीच. तेथे ती उपयोगी होती. कारखान्यात तीच जीवघेणी होते. आसपास दहा यंत्रांचा गडगडाट असला की एक बंद आहे की चालू, हे कानाला कळत नाही. हात डोळ्यावर विसंबतो. आमच्या एका सोबत्याने वेस्टची चिंधी घेऊन पुली पुसावयास हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटे गमावली.

चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. आम्ही म्हटले, निष्काळजीपणा दिव्याचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १७ व्या कलमात, डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघाताचा धोका होईल अशी चकाकी आणि अशा सावल्या टाळण्याची व्यवस्था करावी असे सांगितलेले होते. तो कायदा आता नव्या संहितेच्या पोटात गेला आहे. त्याविषयी आमचे म्हणणे निराळे आहे, पण ते आज नको. आमची मागणी साधी होती: यंत्राजवळ एक साधा तापणारा गोळा लावा, आणि ट्यूब तिन्ही फेजवर वाटून टाका, म्हणजे एक मंदावली तर दुसरी उजळलेली राहील. आठ महिन्यांनी ते झाले. गोळा लागताच त्या पुलीच्या आऱ्या पुन्हा पुसट झाल्या, राखी रंगाची एक तबकडी दिसू लागली. त्या दिवशी शॉपमधल्या प्रत्येकाने येऊन तो पुसटपणा पाहिला.

पुसटपणा म्हणजे नुसती घाण नव्हे, तर बातमी आहे, हे आम्ही तेथे शिकलो. ही वस्तू हालते आहे, तिच्यात जोर आहे, हात मागे घे, असे तो सांगतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे जातो तो दिसत नाही, त्याची रेघ दिसते. ती रेघ पाहूनच मागवाल्याला माग चालू आहे हे कळते. खेळातल्या स्वच्छ चित्रांत ही बातमी हरवते, ही पहिल्या टर्नरची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही.

फरक एवढाच की आमच्या पुलीचा फराटा डोळ्याने स्वतः काढला होता. आम्ही कोणी तो रंगविला नाही. दिवा नीट केला आणि डोळ्याला त्याचे काम करू दिले. खेळाचा पडदा हा मुळात त्या चोकवाल्या ट्यूबसारखा आहे. तो गती देत नाही, गतीचे तुकडे देतो. सेकंदाला तीसच तुकडे देत असेल तर आमची ती एस.टी. दर तुकड्याला सुमारे छप्पन्न सेंटिमीटर उडी घेते, आणि अशा खेळात थोडा ब्लर त्या उड्यांवर ठिगळ म्हणून उपयोगी पडतो. गरिबाच्या घरी ठिगळाला नावे ठेवू नयेत. साठाला ठिगळाची गरज कमी होते. एकशेवीस किंवा त्याहून अधिक चित्रे देणाऱ्या पडद्यावर डोळा आपला फराटा बराचसा आपणच काढू लागतो. तेथे यंत्राने ब्लर घालणे म्हणजे नव्या कापडाला ठिगळ लावणे होय.

काही जण म्हणतात, ब्लरने खेळ 'सिनेमासारखा' दिसतो. हा सवयीचा प्रश्न आहे. २०१२ साली 'हॉबिट' हा चित्रपट सेकंदाला अठ्ठेचाळीस चित्रांनी दाखविला, तेव्हा तो अधिक स्पष्ट असूनही पुष्कळांना दूरदर्शनवरील मालिकेसारखा वाटला. चोवीस चित्रांचा पुसटपणा ही चित्रपटाची एके काळची काटकसर. शंभर वर्षांत ती त्याची शोभा झाली. पण खेळाने दुसऱ्याची काटकसर अंगावर का घ्यावी? पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर विकला गेला. त्यात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाहीच. रचणाऱ्यांनी तो आपल्या मर्जीने उंचावर, दूर नेऊन ठेवला आहे आणि प्राचीन वास्तू नीट न्याहाळू दिल्या आहेत. नजर कोण वळवितो, हा प्रश्न तेथे निराळ्या रीतीने सुटला. आम्हांस तो मार्ग आवडला.

आता एक गोष्ट आमच्या धंद्याची. हे फराटे आपोआप निघत नाहीत. त्यांमागे कोणाच्या तरी रात्री असतात. २००४ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीतील एका कामगाराच्या वाग्दत्त वधूने उघड पत्र लिहून तेथील अखंड जादा कामाचे गाऱ्हाणे मांडले होते, आणि त्या धंद्यातील कामाच्या तासांची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही. ज्या सजावटीने खेळणाऱ्याचा आनंद वाढत नाही असे प्रयोगात दिसते, तिच्यासाठी पोरांना रात्रभर जागविण्यापूर्वी मालकाने तो निबंध वाचावा. वाचावयास एक तास पुरे.

आता त्या दोन टर्नरांना आम्ही काय सांगितले? नजर वळविली की सबंध दृश्य पुसणारा ब्लर बंद ठेवा. वस्तूपुरता ब्लर निराळा देता येत असेल, तर तो मंद ठेवावयास हरकत नाही. खेळ तीस चित्रांवर चालत असेल तर थोडा राहू द्या. कोणाला मळमळत असेल किंवा डोके जड होत असेल, तर वाद न घालता सगळाच बंद करा. घाटात गाडी लागणाऱ्याला आपण 'सवय कर' म्हणत नाही. आणि रचणाऱ्यांनी ही कळ खेळणाऱ्याच्या हाती दिलीच पाहिजे, ही आमची मागणी आहे. पुष्कळ खेळांत ती असते. जेथे नसते तेथे ती मागावी.

त्यांचे समाधान झाले नाही, हेही सांगून टाकतो. पहिला म्हणाला, "अण्णा, मला वेग जाणवतो म्हणजे जाणवतोच." तेव्हा आम्ही त्यांना एक रीत सुचविली. कळ तिसऱ्याने फिरवावी. चालू की बंद ते सांगू नये. दहा दहा शर्यती खेळाव्या आणि वेळ तिसऱ्यानेच वहीत लिहावी. ब्लर पडद्यावर दिसणारच, त्यामुळे फसवणूक पुरती साधणार नाही. पण निदान तोंडाऐवजी वही बोलेल. वही सध्या आमच्या कचेरीत आहे. सहा शर्यती झाल्या आहेत, चार राहिल्या आहेत, आणि पुढल्या आठवड्यात दोघांनाही रात्रपाळी आहे.